मुलात काही दोष नाही, हे कुणी तपासले?

मूल होत नाही म्हटले की नाशिकच्या घराघरांत, लग्नकार्यात, दवाखान्याच्या बाकड्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमच्या मुलात काही दोष नाही.’ सासू बोलते, नणंद बोलते, कधी मुलगा स्वतःच बोलतो. तपासणी करून असे म्हणणारे फार थोडे. बहुतेक जण तपासणी टळावी म्हणून म्हणतात. मग त्याला टेकू म्हणून कारणे येतात. मुलगा धडधाकट आहे. आमच्या घराण्यात असे कधी झाले नाही. पितरांचा काही अडसर असेल, त्र्यंबकला जाऊन येऊ. बागेतल्या फवारणीने होते असे, थोडे दिवस पावडर घेईल. आणि शिकलेल्या घरात सर्वांत शेवटी : समजा गुणसूत्रांतच काही असले, तर कळून उपयोग काय?

ही सगळी कारणे मला खोडून काढायची आहेत. त्यांची किंमत त्या घरातल्या सुनेच्या शरीरातून वसूल होते, आणि या चर्चेत तिला बोलायला जागा नसते. लग्नाला दोन वर्षे झाली की तिचे रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, नळ्या उघड्या आहेत का ते पाहण्यासाठी औषध सोडून फोटो काढतात, बीज वाढण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शने सुरू होतात, भूल देऊन दुर्बिणीची तपासणी होते. पुरुषाची पहिली तपासणी मात्र भूल न देता, सुई न टोचता, काही शे रुपयांत होते. वीर्य काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, एवढेच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत. तरी सोपी, स्वस्त आणि निरुपद्रवी तपासणी शेवटी आणि अवघड, महागडी, वेदनादायक तपासणी आधी, हा क्रम आपण चालवून घेतला आहे. वैद्यकात याला कसलाही आधार नाही.

आधी ‘धडधाकट’पणाचे पाहू. मुलगा उंचपुरा आहे, दाढीमिशा आहेत, संसार नीट चालला आहे, मग दोष त्याच्यात कसा? संभोगाची क्षमता आणि शुक्राणू तयार होणे या शरीराच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा महाराष्ट्राच्या गावागावांत आहे. इथे कित्येक वर्षे पुरुष नसबंदीची शिबिरे झाली. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वैवाहिक आयुष्यात फरक पडत नाही, हे सरकारी आरोग्यसेवकांनी दारोदार सांगितले आणि ते खरे होते. वीर्य तेवढेच येते, त्यात शुक्राणू नसतात. जन्मतः किंवा पुढे कधी ज्याच्या वृषणात शुक्राणू तयार होणेच थांबले, त्याचेही तसेच असते. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ मध्ये सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. कामजीवन वेगळे आणि संतती वेगळी, हेच ते मराठी समाजाला सांगत होते. त्यांना त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. इतक्या वर्षांनी त्याच विषयावर पुन्हा लिहावे लागते, याचे मला वाईट वाटते.

कायद्यातही हा गोंधळ शिरलेला आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा केंद्रीय कायदा ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करू देत नाही, त्यांची यादी देतो. त्या यादीत ‘स्त्रियांचे वंध्यत्व’ आहे. पुरुषांसाठी आहे ती ‘नपुंसकता’. पुरुषाला वंध्यत्व असू शकते हे यादी करणाऱ्यांच्या मनातही आले नाही. हिंदू विवाह कायद्याने मात्र दोन्हींत फरक केला : नपुंसकतेच्या कारणावरून विवाह रद्द ठरवून मागता येतो, मूल होत नाही एवढ्यावरून येत नाही.

आता मूळ विषय. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे नेमके कळले १९५६ मध्ये, स्वीडनमधल्या लुंड इथे. तोवर शास्त्रज्ञ ४८ धरून चालले होते. त्याआधी १९४२ मध्ये बोस्टनच्या हॅरी क्लाइनफेल्टर आणि सहकाऱ्यांनी नऊ पुरुषांचे वर्णन लिहिले होते : वृषण लहान, वीर्यात शुक्राणू नाहीत, छाती वाढलेली. कारण त्यांना सापडले नव्हते. ते सापडले १९५९ मध्ये, एडिनबरोत. पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांना अशा पुरुषाच्या पेशीत एक्स गुणसूत्र एक जास्त दिसले. नेहमीच्या पुरुषात एक एक्स, एक वाय. याच्यात दोन एक्स, एक वाय. एकूण ४७. या स्थितीलाच क्लाइनफेल्टर म्हणतात. साधारण सहाशे-सातशे मुलग्यांमागे एक असा जन्मतो. म्हणजे नाशिकसारख्या शहरात असे शेकडो पुरुष आहेत, आणि बहुतेकांना ते माहीत नाही. डेन्मार्कमध्ये जन्माच्या आणि निदानाच्या नोंदी चोख ठेवतात. तिथेही अशा पुरुषांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाचे निदान हयातीत होते, असे दिसले. बाकीचे शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात. मूल झाले नाही तरच त्यांच्या वाटेत डॉक्टर येतो, आणि तो डॉक्टरही आधी बायकोला तपासतो.

शरीर चांगले चालते आणि बीज का धरत नाही, हे खानदेशाच्या शेजारी राहणाऱ्यांना समजायला जड नाही. जळगावच्या केळीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. झाड जोमदार वाढते, घड वजनदार पडतो, पण बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागत नाहीत आणि बी धरत नाही. जगण्यासाठी पेशीला गुणसूत्रे असली की पुरतात. बीज तयार करायला त्यांनी जोडीने मांडणी करून बरोबर अर्धे व्हावे लागते. गडबड होते ती या दुसऱ्या कामात. म्हणून ताकद, दाढी, छातीचा घेर यांवरून गुणसूत्रांबद्दल काहीच कळत नाही.

तपासणाऱ्याच्या हाताला मात्र बरेच कळते. प्रौढ पुरुषाच्या वृषणाचा आकार पंधरा-वीस मिलिलीटरच्या आसपास असतो. क्लाइनफेल्टरमध्ये तो बहुधा चार-पाचच्या खाली आणि कठीण लागतो. हे पाहायला मशीन लागत नाही, दोन मिनिटे लागतात. पुरुष कपडे उतरवायला लाजतो, डॉक्टर सांगायला संकोचतो, आणि दोघांच्या संकोचापायी पाच वर्षे जातात.

‘आमच्या घराण्यात असे नाही’ हे म्हणणे तर मुळातच गैरलागू आहे. क्लाइनफेल्टर घराण्यातून येत नाही. बीजपेशी विभागताना एक गुणसूत्र वेगळे व्हायचे राहून जाते आणि नव्यानेच ही स्थिती तयार होते. ते जास्तीचे एक्स जवळपास निम्म्या वेळा बापाकडून आलेले असते, निम्म्या वेळा आईकडून. सुनेवरचा ठपका काढून सासूवर ठेवायचीही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असणे, हे दुसरे मोठे कारण. इटलीच्या टिएपोलो आणि झुफार्डी यांनी १९७६ मध्ये प्रथम दाखवले की वायच्या लांब भुजेवर शुक्राणू तयार करणारा काही भाग असला पाहिजे, कारण तो गळालेल्या पुरुषांत शुक्राणूच नव्हते. हा तुकडाही बहुतेकदा त्या पुरुषातच पहिल्यांदा गळतो. त्याच्या वडिलांचे वाय शाबूत असते. नसते तर हा बहुधा जन्मलाच नसता. तेव्हा घराणे निर्मळ आहे हे खरे असूनही मुलाच्या गुणसूत्रांबद्दल त्यातून काही ठरत नाही.

तिसरा प्रकार बायकांना सर्वांत जास्त छळणारा आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. काही पुरुषांत दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटलेली असतात, किंवा त्यांनी तुकड्यांची अदलाबदल केलेली असते. तेराव्या आणि चौदाव्याची जोड त्यात सर्वाधिक आढळते. अशी जोड असेल तर मोजल्यावर गुणसूत्रे ४५ भरतात, पण दोन्ही प्रकारांत माल सगळा शाबूत असतो, त्यामुळे माणूस ठणठणीत. त्याच्या काही शुक्राणूंत मात्र माल कमी-जास्त जातो. कधी शुक्राणूंची संख्याच घटते. कधी संख्या पुरेशी असते, दिवस राहतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ पडतो. पुन्हा दिवस, पुन्हा गर्भपात. वारंवार गर्भपात होणाऱ्या दर शंभर जोडप्यांत दोन ते पाच जोडप्यांत नवऱ्याच्या किंवा बायकोच्या गुणसूत्रांत अशी जोड किंवा अदलाबदल सापडते. आपल्याकडे अशा बाईला ‘हिचे पोट टिकत नाही’ म्हणतात. तिला झोपवून ठेवतात, टाके घालतात, जिने चढू देत नाहीत, तिच्या पायगुणाबद्दल कुजबुजतात. पोट तिचे असले तरी गर्भ दोघांचा असतो. अशा वेळी फक्त तिचे रक्त तपासणे हा अन्याय आहे, आणि वैद्यक म्हणूनही ते अर्धवट काम आहे.

पितृदोषाबद्दल मी आदराने बोलतो. त्र्यंबकेश्वर आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. संततीसाठी नारायण नागबली करायला लोक दुरून येतात, तीन दिवस राहतात, मनापासून विधी करतात. कुणाच्या श्रद्धेला हात घालण्याचे मला कारण नाही. पण त्या विधीतलीच एक गोष्ट तिथे जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. विधीचा कर्ता नवरा असतो. अडसर शोधला जातो तो त्याच्या पितरांच्या बाजूला. म्हणजे मूल न होण्याचे कारण पुरुषाच्या वंशात असू शकते, हे परंपरेने मानलेलेच आहे. तीन दिवस गोदेच्या उगमापाशी कर्ता म्हणून बसणारा पुरुष नाशिकला परतल्यावर दंडातून पाच मिलिलीटर रक्त द्यायला बसत नाही, याला धर्माचा आधार सांगू नये. आणि वेळ विधीसाठीही थांबत नाही. बायकोचे वय बत्तीसचे छत्तीस होताना तिची बीजे संख्येने आणि गुणाने घटत जातात. पुरुषातले कारण शोधायला जितका उशीर, तितका तिचा हक्काचा काळ खर्च होतो.

फवारणीचा मुद्दा दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या शेतकऱ्यांकडून येतो आणि तो पोकळ नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कारखान्यात डीबीसीपी नावाचे सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले की त्यांच्यापैकी कुणालाच मुले होत नाहीत. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते. पुढे त्या देशात ते औषध बंद झाले. म्हणून द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्याने हातमोजे, मास्क, अंगभर कपडे वापरलेच पाहिजेत, आणि डॉक्टरने त्याला कामाबद्दल विचारलेच पाहिजे. पण यातून ‘फवारणी असेल, तपासणी नको’ हा निष्कर्ष कसा निघतो? उलट कारण रसायनाचे की गुणसूत्राचे, हे तपासूनच कळेल. क्लाइनफेल्टर गर्भ राहतानाच ठरलेला असतो; त्या मुलाने बागेत पाऊल टाकण्याच्या वीस वर्षे आधी. त्यावर पावडर, काढा, भस्म यांनी गुणसूत्र कमी होत नाही आणि वायचा गळालेला तुकडा परत येत नाही.

सगळ्यांत घातक आहे ती ‘मर्दानी ताकदी’ची सुई. शुक्राणू कमी म्हटल्यावर काही जण टेस्टोस्टेरॉन घेतात, कधी व्यायामशाळेतल्या मित्राच्या सल्ल्याने, कधी चिठ्ठीवर. बाहेरून हे संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो, आणि उरलेसुरले शुक्राणूही जातात. मूल हवे असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देऊ नये, हा प्रजननशास्त्रातला पक्का नियम आहे.

राहिला शिकलेल्यांचा आक्षेप. तो सर्वांत वजनदार आहे. गुणसूत्रे बदलता येत नाहीत, मग हजारो रुपये घालून रिपोर्ट कशाला? शिवाय शुक्राणू अजिबात नसलेल्या शंभरांत दहा-पंधरांचीच गुणसूत्रे बिघडलेली निघतात, बाकीच्यांनी खर्च का करावा?

तपासणी सगळ्या पुरुषांची करा असे कुणीच म्हणत नाही. वीर्यात शुक्राणू शून्य आहेत, किंवा मिलिलीटरमागे पन्नास लाखांपेक्षा कमी आहेत, आणि अडथळ्यासारखे दुसरे कारण दिसत नाही, अशांसाठीच ती आहे. आणि त्या गटात तिचा उपयोग लगेच, पैशांत आणि शरीरात मोजता येतो. वायवरचे जे तीन भाग तपासतात, त्यांतला ‘ए’ भाग पूर्ण गळालेला असेल तर वृषण उघडून शोधले तरी शुक्राणू मिळत नाहीत. ‘बी’ पूर्ण गळाला असेल तरी जवळपास तेच. अशा पुरुषावर शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया करणे आणि त्याच वेळी बायकोला दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन तिची बीजे काढणे, ही दोन शरीरांची आणि लाखाच्या घरातल्या रकमेची नासाडी आहे. काही हजारांच्या तपासणीने ती टळते. ‘सी’ भाग गळाला असेल तर मात्र साधारण निम्म्यांत शुक्राणू सापडतात. क्लाइनफेल्टरमध्येही सूक्ष्मदर्शकाखाली शोधले की चाळीस ते पन्नास टक्क्यांत मिळतात, आणि इक्सीने, म्हणजे एकेक शुक्राणू बीजात टोचून, मूल होऊ शकते. इक्सी १९९२ मध्ये ब्रसेल्समध्ये यशस्वी होण्याआधी अशा पुरुषांसाठी दारच बंद होते. ‘कळून उपयोग काय’ हे तेव्हा काही अंशी खरे होते. आज नाही.

शिवाय रिपोर्टमुळे पुढच्या पिढीचे कळते. ‘सी’ भाग गळालेल्या बापाचे वाय प्रत्येक मुलाकडे तसेच जाते, मुलीकडे जात नाही. मूल जन्माला घालण्याआधी आईबापांना हे ठाऊक असण्याचा हक्क आहे. आणि मूल राहू द्या, त्या पुरुषाच्या स्वतःच्या प्रकृतीचे काय? क्लाइनफेल्टरमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी पडते. हाडे ठिसूळ होतात, मधुमेहाचा धोका वाढतो, थकवा आणि उदासी येते. आधी शुक्राणू शोधून साठवायचे आणि मग याच पुरुषाला टेस्टोस्टेरॉन द्यायचे, हा योग्य क्रम आहे. जी सुई मघाशी घातक म्हटली ती इथे औषध ठरते, आणि फरक कळतो तो फक्त कॅरिओटाइपने. या तपासणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवतात, विभागणीच्या ऐन क्षणी थांबवतात, रंगवतात आणि वीस-तीस पेशींतली गुणसूत्रे एकेक जुळवून पाहतात. काही आठवड्यांत रिपोर्ट येतो. आयुष्यात एकदाच करावी लागते.

रिपोर्ट वाईट आला तर घर मोडेल, वंश बुडेल, अशी भीती असते. ती मला समजते. पण वंश चालण्याचा मराठी अनुभव रक्तापुरता कधीच नव्हता. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. तो सयाजीराव गायकवाड झाला आणि त्याने १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कागलच्या घाटग्यांच्या घरातून कोल्हापूरला दत्तक गेलेले शाहू महाराज तर सर्वांना ठाऊक आहेत. आज कायदेशीर दत्तकाबरोबर दात्याच्या शुक्राणूंचाही मार्ग आहे. २०२१ च्या प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने त्यासाठी संबंधितांची लेखी संमती बंधनकारक केली आणि अशा मुलाला त्या जोडप्याच्या पोटच्या मुलाचे सगळे हक्क दिले. यातला कोणता मार्ग घ्यायचा, की मुलाविना सुखाने राहायचे, हे त्या दोघांनी ठरवावे. पण खरे कारण माहीत असल्याशिवाय ठरवणार कसे?

मागणी सरकारकडेही आहे. महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला, म्हसरूळला आहे. राज्यभरचे डॉक्टर त्याच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात. प्रत्येक पदवीपरीक्षेत निपुत्रिक जोडप्यातल्या पुरुषाला तपासून दाखवणे सक्तीचे करणे या विद्यापीठाच्या आवाक्यातले आहे. जिल्हा रुग्णालयात वीर्यतपासणी, रक्ताचा नमुना मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय आणि रिपोर्ट समजावून सांगणारा समुपदेशक, हे सगळे मोफत मिळाले पाहिजे. हे परवडणार नाही, असे कुणी सांगू नये. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्टट्यूब बाळ जन्मले ते मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात मोफत आयव्हीएफ सुरू केले. आपण तर फक्त निदान मागतो आहोत.

आणि वाचकांना विनंती. ज्या घरात आज हा प्रश्न आहे, तिथल्या पुरुषाने दोन ते सात दिवस संयम ठेवून याच आठवड्यात वीर्यतपासणी करून घ्यावी. संख्या शून्य किंवा फार कमी आली तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी, डॉक्टरकडून स्वतःला नीट तपासून घ्यावे, आणि त्यांनी सांगितल्यास कॅरिओटाइप व वाय गुणसूत्राची तपासणी करावी. दोनपेक्षा जास्त गर्भपात झाले असतील तर दोघांनी मिळून रक्त द्यावे. हे होईपर्यंत बायकोला भूल देऊन दुर्बिणीची तपासणी करायला कुणीही नेऊ नये.